पिवळी बादली

छपाईवाल्याकडून सकाळी आलेल्या नमुन्यावर बारा नावं होती, आणि माझ्या चित्रात वस्तू अकराच आहेत. मला खरं तर नावं वाचायचीच नव्हती, रंग तेवढा बघायचा होता. नवऱ्याच्या गिटारच्या नव्या रेकॉर्डिंगच्या वेष्टनावर माझं कपाटाचं चित्र छापायचं ठरलंय, तेव्हा कपाटाच्या आतला करडा छापताना निळा पडत नाही ना, एवढं पाहून खाली सही करायची आणि पाचच्या आत कागद परत पाठवायचा, इतकंच माझं काम. करडा ठीक होता. मग सवयीने मी कागद उलटा केला. चष्म्याचं घर, कात्री, किल्ली नसलेलं कुलूप, बटणांचा डबा, बंद पडलेली टॉर्च, अशी रेकॉर्डिंगमधल्या रचनांची एकाखाली एक नावं, वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत, मी ज्या क्रमाने ती रंगवली त्याच क्रमाने. अकरावी इस्त्री. आणि इस्त्रीच्या खाली, त्याच अक्षरात, जणू पहिल्यापासून तिथेच होती अशी, 'पिवळी बादली'. कपाटात बादली कशी असेल? कपाटात बादली ठेवत नाही कुणी. माझ्या माहितीप्रमाणे पिवळी बादली जगात एकाच चित्रात आहे, ते चित्र माझ्या खोलीत गेलं दीड वर्ष भिंतीकडे तोंड करून उभं आहे, आणि ते माझ्याशिवाय कुणीही पाहिलेलं नाही.

आमच्या घरात नियम फार नाहीत. भांडी कुणी घासायची याचासुद्धा नियम नाही, कारण ती मीच घासते. याच्या उजव्या हाताची नखं ही याची हत्यारं, ती पाण्यात मऊ पडतात, तुटतात, आणि चौदा वर्षं या नखांच्या नावाखाली हा माणूस घासणीला हात न लावता सुखाने जगलाय. पण एक नियम लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात ठरला आणि तो दोघांनी पाळला. भिंतीकडे तोंड केलेलं चित्र फिरवायचं नाही, आणि दार लावून वाजवणं चालू असेल तर ऐकायचं नाही. हसण्यासारखं आहे, मला माहीत आहे. आमच्या दोन खोल्यांमधली भिंत एवढी पातळ की पलीकडे जांभई दिली तर अलीकडे झोप यावी. तरी मी ऐकलेलं नाही. नळ सोडून ठेवला, रेडिओ लावला, भाजी आणायला एका सकाळी तीनदा गेले, एकदा तर कानात कापूस घालून चित्र काढत बसले आणि दारावर कुरिअरवाला पंधरा मिनिटं बोंबलत राहिला. आणि हा? एका पावसाळ्यात माझ्या खोलीचं छत गळायला लागलं, मी शिकवायला शाळेत गेले होते. याने धावत जाऊन सात चित्रं एकेक करून बाहेर आणली, सगळी पाठमोरी, मान वळवून, खेकड्यासारखा आडवा चालत. शेजारच्या बाईंनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मला विचारलं, "तुमच्या मिस्टरांची मान आखडलीय का हो?" त्या दिवशी मला त्याच्याबद्दल जे वाटलं ते लग्नाच्या दिवशीही वाटलं नसेल. त्याच माणसाने ते चित्र फिरवलं. मी घरी नसताना माझ्या खोलीत जाऊन, ते जड धूड दोन्ही हातांनी उचलून फिरवलं, पोटभर पाहिलं, होतं तसं परत लावलं, आणि संध्याकाळी जेवताना माझ्यासमोर बसून मीठ मागितलं. मीठही मी दिलं असणार.

'उघडं कपाट' मात्र सगळ्यांनी पाहावं म्हणूनच काढलं होतं. आईचं घर रिकामं करून तिला आमच्याकडे आणलं, तेव्हा तिच्या स्वयंपाकघरातलं एक कपाट मी तसंच उचलून आणलं, आतल्या वस्तूंची जागा न हलवता, आणि चार महिने त्याच्यासमोर बसले. ते चित्र आता वाचनालयाच्या जिन्यात आहे, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे, जिथे लोक दम खायला थांबतात आणि थांबलोच आहोत तर बघू म्हणून बघतात. गेल्या वर्षी एकदा हा म्हणाला, "तुझ्या कपाटात हात घालू का?" मी म्हटलं, "घाल, पण वस्तू जागच्या जागी ठेव." झालं, एवढ्यात ठरलं. मग आठवड्यातून तीनदा हा त्या जिन्यात जाऊन पायरीवर बसायला लागला, गुडघ्यावर वही, गिटार नाही काही नाही. तिथला पहारेकरी आधी हटकायचा, नंतर याच्यासाठी घरून उशी आणून ठेवायला लागला. एका वस्तूची एक रचना. कुलपाला नुसत्या खालच्या जाड तारा, बटणांना वरच्या बारीक, टॉर्चला एकच सूर जो लागतो लागतो आणि लागत नाही. हे मला तो सांगायचा. ऐकवायचा नाही, सांगायचा. आणि मी फुशारून जायची, लपवत नाही. माझ्या हातून उतरलेली इस्त्री आणखी एकाच्या हातून उतरतेय, हे सुख मला कुठल्याही प्रदर्शनात मिळालं नव्हतं. मैत्रिणींना मी फोन करून सांगितलं होतं. आता त्या प्रत्येकीला परत फोन करून काय सांगायचं, तेही मनात घोळायला लागलं. माणसाचं मन कसं असतं बघा, घर जळत असताना पडद्यांचा विचार करतं.

कारण ते दुसरं चित्र आईचं आहे. शेवटचे सात महिने आईला स्वतःची आंघोळ जमेना. शॉवरचं पाणी डोक्यावर आलं की ती घाबरायची, म्हणून एक प्लॅस्टिकचं स्टूल, एक मग आणि ती पिवळी बादली. आधी नर्स ठेवून पाहिली. तिसऱ्या दिवशी आईने तिच्या अंगावर साबण फेकला आणि ती जी गेली ती गेलीच. दादा फोनवर म्हणाला, "दुसरी ठेव." दादाला फोनवरून सगळंच सोपं दिसतं. त्या दुपारी आईने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "मला अशी तुझ्याशिवाय कुणी बघायची नाही. कुणी म्हणजे कुणी नाही." मी म्हटलं, "नाही बघणार कुणी." आणि खोटं कशाला बोलू, मला त्यात मोठा मान वाटला. घरात दादा लाडका, हे आमच्या गल्लीतल्या मांजरांनासुद्धा माहीत होतं. माझ्या चित्रांकडे आई पाहुण्यांच्या मुलांकडे बघावं तशी बघायची, छान आहे हो, आणि पुढे चालू. आणि आता शेवटी, अंगावर वस्त्र नसताना, तिने मला निवडलं होतं. मी शाळेतले चित्रकलेचे तास कमी करून घेतले, पाच दिवसांचे दोन, मंगळवार आणि शुक्रवार. त्या दोन दिवशी आई आंघोळ करायची नाही. "एक दिवस न्हायले नाही तर कुजत नाही मी," म्हणायची. बाकी पाच दिवस मी. तिच्या पाठीचा मणका न् मणका मला माहीत झाला, डाव्या खांद्याच्या हाडाखालचा तीळ, मांडीवरची त्वचा चुरगळून पुन्हा सरळ केलेल्या कागदासारखी, पोटावर दादाने आणि मी पाडलेल्या रेषा. ती एक अक्षर बोलायची नाही. डोळे मिटून, ओठ घट्ट आवळून, हात मांडीवर ठेवून बसायची. मला वाटायचं, तिला बरं वाटतंय. मला वाटायचं, आमच्या दोघींचं जे बोलायचं राहून गेलं ते आता पाण्यातून चाललंय.

ती गेल्यावर काही महिन्यांनी मी ते चित्र काढलं. काढायचं नव्हतं. शब्द दिला होता. पण मी स्वतःची समजूत घातली की बघायची परवानगी मला होतीच, आणि दुसऱ्या कुणाला दाखवलं नाही म्हणजे शब्द मोडला असं होत नाही. नऊ दिवसांत झालं. फरशी, स्टूल, आई, आणि उजव्या कोपऱ्यात ती बादली, जिचा पिवळा मला आधी जमेना आणि मग असा जमला की बाकीचं सगळं त्याच्या उजेडात दिसायला लागलं. इतकं चांगलं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं, पुढे होईल असंही वाटत नाही. भिंतीकडे तोंड केलं आणि संपलं. कधी घरी एकटी असले की फिरवायची, पाच मिनिटं बघायची, परत लावायची. कपाळ टेकवायला जागा असावी एखादी, तसं. आणि त्या जागेवर हा माणूस चपला घालून जाऊन आला होता, आणि वर त्याचं नाव देऊन बाजारात मांडणार होता.

मी त्याला फोन केला नाही. तो कुठल्याशा मुलाखतीला गेला होता आणि तीनपर्यंत येणार होता. मी बस पकडून कानसेनकडे गेले. कानसेन म्हणजे रेकॉर्डिंग करणारा. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागत असेल. एका चपलांच्या दुकानाखालच्या तळघरात त्याची खोली आहे, भिंतींना जाड करडं कापड ठोकलेलं, आत गेलं की स्वतःचा श्वास फार जवळून ऐकू येतो. बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते. चौदा वर्षं तू. चौदा वर्षं मी. समोरच्या बाईने मला विचारलं, "इथे बसू का?" आणि मी इतक्या जोरात "नाही" म्हटलं की ती उभीच राहिली. जागा रिकामी होती. मला तिची माफी मागायची होती, पण तोंडात ती चौदा वर्षंच भरलेली होती.

"वहिनी, तुम्ही इकडे कुठे?" कानसेन म्हणाला. "करडा बिघडला की काय?"

"करडा ठीक आहे. मला बारावं ऐकायचंय."

"याने ऐकवलं नाही?"

"दार बंद होतं," मी म्हटलं. त्याला आमचा नियम माहीत आहे, सगळ्या दोस्तांत आमची त्यावरून चेष्टा होते. तो हसला आणि खुर्ची पुढे सरकवली.

"हे त्याने सगळ्यात शेवटी केलं," तो तारा जोडत म्हणाला. "मुद्दाम. अकरा झाली, मी म्हटलं चला, सुटलो. तर हा पठ्ठ्या खिशातून नेलकटर काढतो आणि तुम्ही बसलाय त्याच खुर्चीत बसून उजव्या हाताची नखं कापतो. कट कट कट. मी ओरडलो, वेड लागलं का, पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे, नखं यायला तीन महिने लागतील! म्हणाला, हे नखांनी वाजवायचं नाही. नुसत्या बोटांनी. आता बोला."

नखं कापलेली मी पाहिली होती. पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट. मला वाटलं, रेकॉर्डिंग संपलं, हात मोकळा केला असेल. मी तर त्याला गमतीने घासणीही पुढे केली होती, आणि त्याने ती मुकाट्याने घेऊन दोन कप विसळले होते. तेव्हा त्याचा चेहरा कसा होता ते आठवायचा मी प्रयत्न केला, आणि आठवेना.

कानसेनने लावलं. आधी बराच वेळ काहीच नाही, फक्त खोलीचा आवाज. मग जाड तारेवर अंगठा, एकदा. थांबून पुन्हा एकदा. नख नसलेलं बोट तारेवर पडलं की कडा नसते आवाजाला, सूर सुरू कुठे झाला ते कळत नाही, तो असतो एवढंच कळतं. त्याच्यावर दोन बारीक तारा, इतक्या हलक्या की ऐकताना मान पुढे करावी लागते. सूर वरून खाली येत होते, ओघळत, आणि खाली पोचायच्या आत पुढचे सुटत होते. मग मधेच थांबायचं. तीन, चार श्वास काही नाही. पुन्हा अंगठा. माझ्या हातांवर काटा आला. मला चीड यायला हवी होती आणि ती आलीही, पण आधी काटा आला, हे मी लपवणार नाही. माझं नशीब असं की मला कळतं. चांगलं काय, भरतीचं काय, हे मला चित्रात कळतं आणि चौदा वर्षांच्या संसारात थोडंफार तारांमधलंही कळायला लागलंय. बाकीच्या अकरा रचना माझ्या चित्राबद्दल होत्या. ही कशाबद्दल नव्हतीच. आई त्यात बसलेली होती. स्टुलावर, ओली, म्हातारी, जिवंत.

"मधे थांबतो ते ऐकलंत?" कानसेन म्हणाला. "चार वेळा. मी म्हटलं, लांबतंय, थोडं कापून जोडतो. म्हणाला, हात लावायचा नाही. सांगतो वहिनी, वीस वर्षांत याने असं वाजवलेलं नाही."

"हे काढायला किती वेळ लागेल?"

"काय काढायला?"

"हे. बारावं."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बटणांकडे. "काढायला एक मिनिट," तो म्हणाला. "पण का काढायचं?"

मी तळघराचा जिना चढून बाहेर पडले. परत येताना चालत आले. मला वाटत होतं, त्याने आईचं मांस माझ्या चित्रात पाहिलं आणि ते वाजवायला स्वतःची नखं कापली, किती हुशार, किती बारीक विचार, लोक मुलाखतीत विचारतील आणि हा मान खाली घालून सांगेल. ज्या बाईने सबंध जन्मात दार लावल्याशिवाय पदर सावरला नाही, तिला हा दुकानात लावणार, बाराव्या नंबरवर, इस्त्रीच्या खाली. आणि सगळ्यात वाईट हे की तिला त्याच्यापर्यंत पोचवणारी मीच. मी काढलं नसतं तर त्याने पाहिलं नसतं. विश्वासघातासाठी एवढा सगळा आटापिटा त्याने केला, तरी पहिली पायरी माझीच होती. हा विचार आला की मी जास्त जोरात चालायची.

तो घरी आला होता. स्वयंपाकघरात उभा राहून डबा उघडत होता, आखूड नखांनी, सहज. "काय म्हणतोय करडा?" त्याने विचारलं.

"करडा बरोबर आहे. बारावं काढ."

डब्याचं झाकण त्याच्या हातात राहिलं. "काढतो," तो म्हणाला.

"का म्हणून नाही विचारणार?"

"नाही. चुकलंच माझं. निदान नाव तरी घालायला नको होतं."

"नाव!" मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "नावाचं पडलंय तुला? किती वेळा पाहिलंस ते सांग. एकदा पाहिलंस, की मी शाळेत गेले की रोजच दर्शनाला जायचास?"

"काय पाहिलं?"

"चित्र!"

"कुठलं चित्र?"

मी त्याचा हात धरून त्याला माझ्या खोलीत ओढत नेलं. एवढं सोंग मला सहन होईना. ते चित्र मी दोन्ही कडांनी धरलं, उचललं आणि गरकन फिरवलं, चौकट माझ्या नडगीवर आपटली. "हे!" मी ओरडले. आणि त्याच्याकडे पाहिलं, तर त्याने मान वळवली होती. भिंतीला चिकटून, खांदा आडवा, चेहरा पार दाराकडे. मी फिरवतेय हे दिसल्याबरोबर त्याची मान आपोआप वळली होती, विचार न करता, गरम तव्यावरून हात मागे घ्यावा तशी. मी त्या वळलेल्या मानेकडे बघत राहिले. असं सोंग करता येत नाही कुणाला. सकाळपासून जे काही मी उभं केलं होतं ते सगळं त्या मानेपाशी येऊन कोसळलं, आणि मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मग बादली कुठून आली?

"बादली आहे का त्यात?" त्याने दाराकडे बघतच विचारलं.

"आहे."

"आणि आई?"

मी चौकट तशीच भिंतीला टेकवली. तो हळूहळू खाली बसला, चित्राकडे पाठ करून, फरशीवर. स्वतःच्या बोटांकडे बघत होता.

"मंगळवारी आणि शुक्रवारी मी घालायचो त्यांना आंघोळ," तो म्हणाला. "एका मंगळवारी अंथरुणात सगळं झालं त्यांना. तू यायला चार तास होते. मी म्हटलं, फोन करू का तिला? नको म्हणाल्या. रडत होत्या. नर्स बोलावू? नको. शेवटी मी म्हटलं, मग मी धुतो. तर माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, आधी ती नखं काप, मग हात लाव." तो जरासा हसला. "कापली."

तो हिवाळा मला आठवला. याने तीन कार्यक्रम रद्द केले होते. गाडीच्या दारात नख अडकलं, एक तुटलं म्हणून सगळी कापली, असं मला सांगितलं होतं, आणि मी त्याला वेंधळा, बेजबाबदार, काय काय म्हटलं होतं आईच्या देखत. आई ऐकत होती. आई माझ्याकडे बघून म्हणालीसुद्धा होती, "असू दे गं, येतील परत." मंगळवारी संध्याकाळी मी दमून यायची, आणि आईच्या मानेपाशी केस ओले लागायचे. घाम आला, म्हणायची. साबणाचा वास यायचा. पावडर लावली, म्हणायची. मी तिच्यावर विश्वास ठेवायची. हिवाळ्यात घाम, आणि मी विश्वास ठेवायची.

"किती दिवस?"

"साडेपाच महिने."

"मला म्हणाली होती, तुझ्याशिवाय कुणी बघायची नाही मला."

"मी बघत नव्हतो. बादलीकडे बघायचो. सगळा वेळ. तिचा काठ एका जागी चिरलेला होता बघ, त्या चिरेकडे. हाताने कळतं ना सगळं, बघायला कशाला लागतं. मगात पाणी भरायचं, थांबायचं, त्या हो म्हणाल्या की ओतायचं." त्याने बोटं मिटली. "तुला सांगायचं नाही असा शब्द घेतला होता त्यांनी. मी नाव घातलं तिथेच तो मोडला."

"पण का? मला का नाही सांगायचं?"

"जाऊ दे."

"सांग म्हणते ना."

"तुला वाईट वाटेल म्हणून. म्हणायच्या, तिचा हात चांगला आहे, पण ती बघते. म्हणायच्या, मी न्हायला बसलेय असं वाटतच नाही रे, चित्राला बसलेय असं वाटतं. पण तिला सांगू नकोस, तिला वाटतं तिच्यावाचून माझं होत नाही. तेवढं राहू दे तिच्याकडे."

"तुझ्याशी बोलायची?"

"खूप."

"काय बोलायची?"

"काहीही. हसायच्या. एकदोनदा गायल्यासुद्धा, अगदी बेसूर. मी म्हटलं, आई, निदान माझ्यासमोर तरी नको."

आई गायली होती. मी तिला जन्मात गाताना ऐकलेलं नाही. मी माझ्या चित्राकडे पाहिलं. डोळे मिटलेले, ओठ आवळलेले, हात मांडीवर. नऊ दिवस खपून मी ज्याला शांती समजून रंगवलं होतं, ती एक बाई होती जी वाट बघत होती, कधी संपतंय. तिने ते सगळं ओळखलं होतं. मी काढणार, हे माझ्या आधी तिला कळलं होतं. आणि तरी आठवड्यातले पाच दिवस ती माझ्या पुढ्यात येऊन बसायची, लहान मुलीने केलेला मातीचा लाडू खोटा खोटा खावा तशी. माझे कमी केलेले तास, माझं कौतुकाने रात्री गिझर तपासणं, माझा तो मान. दादा लाडका होता ते ठीक होतं, ते उघड होतं. पण जावई? दाराआड माझ्या नवऱ्याला घेऊन ती हसत बसली, आणि माझ्यासाठी तोंड बंद करून. नवऱ्याशी भांडता आलं असतं. त्याला घराबाहेर काढता आलं असतं, रडवता आलं असतं. जिने मला फसवलं ती आता कुठल्याच दाराआड नव्हती.

"कानसेनला फोन करतो," तो उठत म्हणाला. "आत्ताच काढायला सांगतो."

"राहू दे."

"नाही, मीच शब्द—"

"राहू दे म्हटलं ना. माझ्या चित्रातलं नाहीये ते. मी कोण काढणारी?" मी बाहेर जाऊन टेबलावरच्या नमुन्यावर सही केली. पेन इतकं दाबलं गेलं की मागच्या बाजूला उमटलं.

मग मी न्हाणीघरात गेले. ते स्टूल अजून तिथेच असतं, धुवायचे कपडे ठेवायला. कपडे खाली ढकलले आणि अंगातल्या कपड्यांसकट त्यावर बसले. तो दारात येऊन उभा राहिला.

"दाखव," मी म्हटलं.

"काय?"

"कसं घालायचास ते."

"वेडेपणा करू नकोस. चल, ऊठ."

"दाखव मला."

त्याने बाह्या दुमडल्या. गरम पाणी सोडलं, गार सोडलं, कोपराच्या आतल्या बाजूने तपासलं. मगात पाणी भरून थांबला. मी हो म्हणेपर्यंत थांबला. पाणी ओतायच्या आधी त्याने डावा तळवा माझ्या कपाळावर आडवा धरला, पाणी डोळ्यांत जाऊ नये म्हणून. सात महिन्यांत मला हे सुचलं नव्हतं. मी आईला म्हणायची, डोळे मिट. पाणी मागच्या मागे गेलं, मानेवरून पाठीत उतरलं, आणि त्याची बोटं केसांत फिरायला लागली, नखांशिवाय, काही शोधत नसलेली. मी वर पाहिलं. त्याची नजर नळावर होती. इतक्या जवळ माणूस होता आणि मला कुणीही बघत नव्हतं. माझे खांदे आपणहून खाली आले, तोंडातून एक आवाज निघाला, जवळजवळ हसल्यासारखा. हे तिला मिळत होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी हे तिला मिळत होतं, आणि उरलेले पाच दिवस ती माझं मन राखत होती. मला आईचा इतका राग आला की दातावर दात आपटायला लागले.

"गार आहे का पाणी?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "घाल."